‘शोभत नाही’ हे कारण होत नाही

आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलामुलींना मुलाखतीची तयारी शिकवणारे एक गृहस्थ चिंचवड-भोसरी भागात व्याख्यानं देतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : केस लाल, निळे, जांभळे करणारी मुलं चंचल, बेशिस्त असतात. अशांना कंपनीत कोणी उभं करत नाही आणि करूही नये. ही आपली संस्कृती नव्हे. रसायनांनी केसांचा काथ्या होतो. आणि बापाच्या ओव्हरटाइमचा पैसा पार्लरच्या बेसिनमधून वाहून जातो. यावर टाळ्या पडतात, आणि मागच्या रांगेतली, केसांच्या टोकांना जांभळी छटा असलेली एखादी मुलगी मुकाट्याने ओढणी डोक्यावर घेते. मला संताप येतो तो तिला मान खाली घालावी लागते याचा.

संस्कृतीचा मुद्दा आधी उरकून टाकू. मेंदीने केशरी झालेली डोकी आणि दाढ्या महाराष्ट्राच्या प्रत्येक बाजारपेठेत पिढ्यान् पिढ्या दिसत आल्या आहेत. त्यांना कुणी चंचल म्हटलेलं नाही. पैशाचा मुद्दा त्याहून लहान आहे. जी मुलगी पहिली पाळी करून, बसने घरी येऊन, पगारातला मोठा हिस्सा आईच्या हातात ठेवते, तिने उरलेल्यातलं काय कुठे खर्चावं हे व्याख्यात्याने ठरवू नये.

खरा मुद्दा शिस्तीचा आहे, कारण कारखान्यांच्या या पट्ट्यात शिस्तीचं नाव घेतलं की लोक गप्प बसतात. इथे तेच होतं. कारखान्यात नियम असतात, बरोबर. पण पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात नियमाला कारण लागतं. फिरत्या यंत्राजवळ केस मोकळे नकोत, कारण ते शाफ्टमध्ये ओढले जातात. सैल बाही नको, ओढणी नको, अंगठी नको. प्रत्येकाला कारण आहे, आणि त्या प्रत्येक कारणामागे कुणाचं तरी बोट किंवा कुणाचा तरी जीव गेलेला आहे. बांधलेला, टोपीखाली गेलेला केस काळा आहे की किरमिजी, हे यंत्राला कळत नाही.

आणि केसांबाबतचा एक खरोखरचा कडक नियम या गृहस्थांच्या व्याख्यानात नसतोच. गाडीच्या पेंट शॉपमध्ये सिलिकॉन असलेली प्रसाधनं लावून जाता येत नाही. केसांना चकाकी आणणाऱ्या बहुतेक सीरममध्ये डायमेथिकोन असतं, म्हणजे सिलिकॉनच. त्याचा सूक्ष्म अंश जरी पत्र्यावर पडला, तरी ओला रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि खड्डा पडतो. पेंटवाले त्याला क्रेटर किंवा फिश आय म्हणतात. अख्खा पॅनेल घासून पुन्हा रंगवावा लागतो. हा नियम मी बिनतक्रार मानते, कारण इथे दोष दाखवता येतो, त्याचं मूळ सांगता येतं आणि सीरम बंद केलं की दोष थांबतो. लक्षात घ्या, हा नियम काळ्या केसांवरच्या सीरमलाही तेवढाच लागू आहे. रंगाशी त्याचा संबंध नाही.

लाइनवर दोष सापडला की व्हाय-व्हाय करतात : पाच वेळा ‘का’ विचारतात. गृहस्थांच्या नियमाला ती कसोटी लावून पाहा. केस निळे का नकोत? गंभीर दिसत नाही. गंभीर दिसणं का हवं? साहेबांना आवडतं. साहेबांना का आवडतं? इथे दुसऱ्या-तिसऱ्या ‘का’लाच उत्तर संपतं आणि उरतं ते फक्त ‘शोभत नाही’. वेल्डचा दोष शोधताना असं उत्तर दिलं, तर सुपरवायझर कागद परत पाठवेल.

‘शोभत नाही’ हे तर आपल्याकडचं फार जुनं हत्यार आहे. १९७४ साली पुण्याच्या एका मोटार कारखान्याच्या नोकरीच्या जाहिरातीत, स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असं छापून आलं होतं. एका तरुण मुलीने थेट मालकांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि शॉप फ्लोअरवर पाऊल ठेवलं. तेव्हाही शोभण्याचाच प्रश्न होता. आज याच पट्ट्यात बायका गाड्यांची जुळणी करतात. त्याच्याही मागे जा. विधवेने केस ठेवणं शोभत नाही, असं म्हणत आपण तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत आलो. शेवटी १८९० साली मुंबईत नाभिकांनीच ठरवलं, की हे काम आम्ही करणार नाही. केस रंगवू न देणं आणि केशवपन यांची तुलना मी करत नाही. ते दुःख कुठल्या कुठे होतं. पण बाईच्या डोक्यावर काय असावं हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे आहे, असं मानणारी जी सवय आहे, ती तीच आहे.

बरं, या गृहस्थांच्या स्वतःच्या डोक्यावर काय आहे? साठीच्या घरात असून एकही पांढरा केस नाही. कलप आहे, उघड आहे, आणि त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांच्या रसायनांच्या भाषणाला. बहुतेक काळ्या कलपांत पॅराफेनिलीनडायमिन असतं, आणि रंग जितका गडद तितकं ते सहसा जास्त असतं. डोक्याला खाज, पापण्या सुजणं, पुरळ ही कलपाची ॲलर्जी मुख्यतः त्याचीच. गुलाबी किंवा निळ्या तात्पुरत्या रंगात ते सहसा नसतंच. मग रसायनाची भीती गुलाबीलाच का? आणि हे रसायन काही सातासमुद्रापलीकडून आलेलं नाही. लोरेआलचा कारखाना आपल्या चाकणला आहे, तिथे केसांचे रंग बनतात. त्या बॉक्सची पॅकिंग लाइन चालवणारी मुलगी शिस्तीची, आणि तोच रंग डोक्याला लावणारी बेशिस्त!

रंग निष्पाप आहे असं मात्र मी म्हणणार नाही. काळ्या केसावर भडक रंग चढवायचा तर आधी ब्लीच करावं लागतं, आणि नुकसान होतं ते तिथे. केसावर खवल्यांचा थर असतो आणि त्यावर स्निग्धाचा पातळ लेप. ब्लीचमधलं पेरॉक्साइड तो लेप काढून टाकतं, खवले उचकटतात, प्रकाश सरळ परत फिरत नाही आणि केस मंद दिसतो. पत्र्याची तयारी खरबरीत राहिली की वर कितीही क्लिअर कोट मारा, चमक येत नाही. केसाचंही तसंच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की रंगवा, पण नीट शिकून रंगवा. आपला केस उजळताना आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा होतो. वाइन, बरगंडी, तांबूस हे रंग पहिल्या टप्प्यांवरच बसतात, तेव्हा सुरुवात त्यांनी करावी. फिकट गुलाबीसाठी पिवळ्यापर्यंत जावं लागतं, तिथे नुकसान जास्त. ४० व्हॉल्यूमचं, म्हणजे १२ टक्क्यांचं पेरॉक्साइड टाळूला लागू देऊ नये. पहिल्यांदा टोकंच रंगवावीत. बिघडलं तर कापता येतात. रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे चाचणी, दर वेळी.

चमक टिकवायची तर गरम पाणी टाळा, प्रत्येक धुण्यानंतर कंडिशनर लावा, उन्हात आणि हेल्मेटखाली सुती स्कार्फ बांधा. आणि आजीचं खोबरेल तेल धुण्याआधी लावा. ते केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रयोगांनी दाखवलं आहे, ब्लीच केलेल्या केसांवरसुद्धा. पिंपरी-चिंचवड शहरात केसांचा सगळ्यांत मोठा शत्रू पाणी आहे. २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, मधल्या दिवशी सोसायटी टँकर नाहीतर बोअरवर. बोअरच्या जड पाण्यातला चुना केसावर बसतो आणि रंग मातकट दिसतो. केस धुवायचे ते महापालिकेचं पाणी येईल त्या दिवशी, किंवा निदान शेवटचे दोन तांबे तरी त्या पाण्याचे घ्यावेत.

मुलाखतीची तयारी शिकवणाऱ्यांनी हे शिकवावं. पेंट शॉपला जाणार असशील तर सीरम नको, प्रेस शॉपला जाणार असशील तर केस घट्ट बांध आणि जाळी घाल, असं सांगावं. आणि आपल्या सूचनांच्या यादीतली केसांच्या रंगाची ओळ, तिच्यापुढे एकही कारण लिहिता येत नसेल, तर पुढच्या व्याख्यानाआधी खोडून टाकावी.