टीव्ही बदलण्याआधी सेटिंग बघा

दिवाळीला पुण्या-मुंबईहून आलेली मुलं जुना लॅपटॉप गावी ठेवून जातात. चिखली, मेहकर, खामगाव, कुठंही जा, तो एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडलेला दिसतो. चित्राच्या कडा मात्र कापलेल्या, अक्षरं पुसट, माणसं पसरट. मग टीव्हीच जुना झाला म्हणून घरातले दुकानाकडे निघतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ सेटिंगला द्या.

टीव्ही फुल एचडी असेल तर संगणकावर १९२० बाय १०८०, फोर-के असेल तर ३८४० बाय २१६० हेच रिझोल्यूशन ठेवा. तरीही विंडोजची खालची पट्टी कापली जात असेल तर ते टीव्हीचं काम. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा पडद्याबाहेर जात. ती रीत आजच्या टीव्हींतही राहून गेली आहे. पिक्चर मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' यांपैकी जे असेल ते निवडा. त्या इनपुटला 'पीसी' नाव देता येत असेल तर द्याच. बऱ्याच टीव्हींवर अक्षरं तेवढ्यानं स्वच्छ होतात.

काळ्या रंगाकडे फार कुणी बघत नाही, आणि खरं नुकसान तिथंच होतं. संगणक काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ धरतो. व्हिडिओत हीच मापं १६ आणि २३५ असतात. संगणक पहिलं माप पाठवतोय आणि टीव्ही दुसरं धरून बसलाय, तर सावलीतलं सगळं बुडतं. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या आतला एखादा चांगला फोटो लावून बघा. छतावरचं कोरीवकाम काळ्या डागासारखं दिसलं, किंवा उलट सगळ्यावर राख फासल्यासारखी वाटली, तर मापं जुळलेली नाहीत. ग्राफिक्स सेटिंगमधलं 'फुल' किंवा 'लिमिटेड' आणि टीव्हीतलं 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' जुळवून घ्या.

रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावरचं चित्र किती वेळा बदलतं ते, एरवी ६० हर्ट्झ चालतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, ती ६० मध्ये सारखी बसत नाहीत, म्हणून कॅमेरा आडवा फिरताना तो अडखळतो. टीव्ही २४ घेत असेल तर सिनेमापुरतं तेच ठेवा. दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांना ५० बरा. फोर-केवर माऊस ओढल्यासारखा चालला तर रेट ३० वर अडकलाय का बघा. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय त्यापुढं जात नाही. तिथं १०८० वर ६० घेतलेलं केव्हाही चांगलं.

आणि जुने चित्रपट ताणू नका. १९३६ चा 'संत तुकाराम' जवळजवळ चौरस चौकटीत चित्रित झालाय. पडदा भरायला तो ताणला की तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा एक तृतीयांशानं रुंद होतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या.

मेनूत हात घालण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. रिझोल्यूशन बदलताना चित्र गेलं तर घाबरून केबल उपसू नका. काही बटण न दाबता थांबलात की विंडोज थोड्या वेळात आधीच्या सेटिंगवर येतं.