निळ्या दिव्याचा सोस

गाडीचा हेडलाइट गेला, तर चिरंजीव म्हणाले, "आई, सहा हजार केल्विनचा टाकू, कसला पांढराशुभ्र दिसतो!" मी साफ नाही म्हटलं. अहो, केल्विन म्हणजे उजेड किती ते नव्हे, त्याचा रंग कसा ते! साधा हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास, पिवळसर. त्याच्या काचेला निळा रंग दिला की उजेड उलट घटतो. शिवाय निळसर झोत समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो. बचत गटाची बैठक आटोपून स्कूटीवरून येताना अशाच दिव्यांनी मी एकदा दिपले. कडेनं मोळी घेऊन चाललेली बाई अगदी हातभरावर आल्यावर दिसली. घरी आले तरी हात थरथरत होते. शेवटी ६०/५५ वॉटचा साधाच बल्ब बसवला. लेक अजून फुरंगटलाय, फुरंगटू दे.