सक्ती कोणावर, कोणासाठी?

डिसेंबर १९१७मध्ये वऱ्हाडातल्या खामगावात मराठा शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती. त्याच वर्षी त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! १९०२मध्ये त्यांनी निम्म्या सरकारी जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. १९१९मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एकाच शाळेत बसवली. विरोध प्रखर होता, तरी महाराज मागे हटले नाहीत.

सक्ती रशियाच्या झार पीटरनेही केली होती: आधुनिकतेसाठी त्याने सरदारांच्या दाढ्या उतरवल्या. शाहूंनी हुकमाचा जोर लावला तो बंद दारांवर, आणि शिकवण्याचा खर्च दरबाराने उचलला. म्हणूनच ती सक्ती न्याय्य ठरली.

वऱ्हाडात असा राजा नव्हता, इंग्रजी अंमल होता. इथे हे काम लोकांनाच करावे लागले. अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झाला. डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि १९३२मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभारली.

आज सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशभर आहे. तरीही मेळघाटातली मुले आईबापांबरोबर कामासाठी गाव सोडतात आणि त्यांची शाळा मागे राहते. हा अंक त्यांच्या बाजूने उभा आहे. कायद्याची सक्ती आता सरकारवर आणि आपल्यावर हवी: मूल जिथे जाईल, तिथे शाळा पोचलीच पाहिजे.

— संपादक