घरची बोली बंद करू नका

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: याच्याशी बोलायचं कोणत्या भाषेत? घरात दखनी वळणाची उर्दू, गल्लीत आणि अंगणवाडीत मराठी, मोबाईलवर इंग्रजी बालगीतं. मूल बोलायला जरा उशीर करू लागलं की कुणीतरी सांगतं, "दोन भाषांमुळे गोंधळलंय, घरात मराठीच बोला." दुसरा म्हणतो, "मराठी कशाला, इंग्रजीच बोला." पारनेरसारख्या तालुक्याच्या गावात हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे.

मूल आईचा आवाज पोटात असतानाच ऐकू लागतं. सहा-सात महिन्यांचं झालं की 'बाबा', 'दादा' अशी अक्षरं घोळवतं, वर्षाच्या आसपास पहिला शब्द उच्चारतं आणि दोन वर्षांचं होईपर्यंत दोन शब्द जोडू लागतं. दोन भाषा ऐकणारी मुलंही साधारण याच वेळी हे टप्पे गाठतात. फक्त त्यांचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायला हवेत. 'दूध होना' म्हणणारं लेकरू शेजारी जाऊन 'माऊ आली' म्हणत असेल, तर ते गोंधळलेलं नाही. एकाच वाक्यात दोन्ही भाषा मिसळल्या तरी बिघडत नाही, मोठी माणसंही तसंच बोलतात. आपल्या दखनीतला 'नक्को' मुळात मराठीचाच ना? नगर भागात या दोन भाषा निजामशाहीपासून भिंतीला भिंत लावून राहत आहेत.

खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. जिला मराठी किंवा इंग्रजी सफाईने येत नाही, ती आई त्या भाषेत 'ये, बस, खा' एवढंच बोलते. दादीची गोष्ट थांबते, नानीची लोरी थांबते. मुलाच्या कानावर पडणारी भाषा अशी निम्म्याने आटते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. भाषेचंही तसंच आहे. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे.

मग करायचं काय? रोटी लाटताना, कपडे वाळत घालताना मुलाशी बोलत राहा. प्रश्न विचारला की थोडं थांबा, त्याला उत्तराला वेळ द्या. ते 'गाडी' म्हणालं तर 'हां, लाल गाडी आयी' म्हणा. चुकलं तर टोकू नका, बरोबर शब्द आपणच सहज बोलून दाखवा. अब्बांनीही दुकानावरून आल्यावर दहा मिनिटं द्यावीत. मोबाईल मात्र दूर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. मोबाईल बोलतो खूप, पण बाळाचं ऐकत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही ते दोन शब्द जोडत नसेल, तर 'इसके अब्बा भी देर से बोले थे' म्हणत बसू नका. दुआ जरूर करा, पण कानही तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा मुलाला घेऊन जा आणि ही शंका स्वतःहून सांगा. ऐकण्यातला दोष जितका लवकर कळेल तितका उपचाराचा फायदा जास्त.

पहिलीत मूल समोर येतं तेव्हा त्याला मराठी किती येते हे मी नंतर पाहते. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे का, हे आधी पाहते. मराठी आम्ही शाळेत शिकवू. बोलायची हौस मात्र त्याने घरूनच आणायला हवी.