नर्सिंगची पदवी, सहा महिन्यांचं ट्रेनिंग अन् पाच हजारांचा भार : उपकेंद्रातल्या सीएचओकडून नेमकी अपेक्षा काय?

दिवाळी झाली की तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. समजा, त्यात पंचेचाळिशीची एक बाई आहे. पावसाळ्यात उपकेंद्रात तिचा बीपी तपासला, तो 160 च्या वर भरला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. निघताना तिच्या पिशवीत महिनाभराच्या गोळ्या होत्या. फडावर त्या संपल्या. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधणारी बाई परक्या गावातला दवाखाना शोधायला जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नव्हता.

ही बाई काल्पनिक आहे, पण अशा घटना तालुक्याला नव्या नाहीत. प्रश्न असा आहे की गाडीत बसल्यापासून परत येईपर्यंत ती कोणाची पेशंट होती? निदान बरोबर होतं, गोळीही बरोबर होती. मधल्या पाच महिन्यांत तिचा धागा हातात धरून ठेवणारं मात्र कोणी नव्हतं.

हा धागा धरण्याच्या कामाला परदेशात 'केस मॅनेजमेंट' म्हणतात अन् ते बहुतेक ठिकाणी अनुभवी नर्स करतात. आपल्याकडे हे नाव फारसं कोणी घेत नाही. पण गावातल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे पद आणलं त्यातला मोठा भाग याच कामाचा आहे.

हे पद आलं कुठून?

फेब्रुवारी 2018 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रं करण्याची घोषणा झाली. पहिलं केंद्र 14 एप्रिल 2018 ला छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथं सुरू झालं. पुढे 2023 च्या अखेरीस या केंद्रांचं नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' केलं. गावातल्या उपकेंद्रावर आज हीच पाटी दिसते.

आधी उपकेंद्र म्हणजे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंब नियोजन. आता कामांची यादी बारा प्रकारच्या सेवांपर्यंत गेली. बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी, म्हाताऱ्या माणसांची काळजी, मानसिक आजार, डोळे, दात, अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल, सगळं त्यात आलं. एवढं काम एकट्या आरोग्य सेविकेच्या अंगावर टाकता येत नव्हतं. म्हणून सीएचओ आले.

या पदासाठी केंद्राने बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम झालेले, तसंच बीएएमएस झालेले उमेदवार पात्र धरले. महाराष्ट्रात बीएएमएस डॉक्टरांचा भरणा मोठा आहे, पण नर्सिंगमधून आलेलेही आहेत. त्यांना सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा सर्टिफिकेट कोर्स करावा लागतो. देशात इग्नू विद्यापीठाने नर्सिंगवाल्यांसाठी असा कोर्स 2017 मध्येच सुरू केला होता. पुढे हाच भाग बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात घालायचं धोरण आलं. तो शिकून पास झालेल्यांना वेगळा कोर्स लागत नाही.

वॉर्डातली नर्स अन् गावातली नर्स

वॉर्डात पेशंट नर्ससमोर खाटेवर असतो. डॉक्टर राउंडला येतात, केसपेपरवर लिहितात, नर्स इंजेक्शन-सलाईन बघते. पेशंटला सुट्टी मिळाली की नर्सच्या डोक्यातून तो उतरतो. दुसऱ्या खाटेवर दुसरा आलेला असतो.

गावात हे उलटं आहे. पेशंट समोर नसतो तेव्हाच खरं काम असतं. तो रानात असतो, बाजारला गेलेला असतो, पुण्याला पोराकडे गेलेला असतो. त्याला शोधायचं, त्याच्या घरची परिस्थिती समजून घ्यायची, कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचं ते ठरवायचं, पाठवला तर पोहोचला का ते बघायचं, पोहोचला तर काय सांगितलं ते विचारायचं, गोळ्या संपायच्या आत पुढच्या द्यायच्या, अन् हे सगळं नोंदवायचं. यातली एक कडी तुटली की सगळं फुकट जातं.

टीबीचंच घ्या. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अन् माणूस म्हणतो, 'आता बरं झालं, कशाला गोळ्या?' गोळी मध्येच सुटली तर पुढचा टीबी औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेला तर 'निक्षय' पोर्टलवरून त्याची नोंद तिकडे पाठवता येते. पोषण आहारासाठी सरकार महिन्याला 1,000 रुपये खात्यावर टाकतं. नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 500 होते. पण बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. खातं जोडून घेणं ही नर्सिंगच्या पुस्तकातली गोष्ट नाही. ते काम झालं नाही तर पेशंट उपाशीपोटी गोळ्या खातो, उलट्या होतात अन् गोळ्या सुटतात.

म्हणून हे ट्रेनिंग वेगळं लागतं. आजार ओळखणं नर्सला बऱ्यापैकी येतं. बँक, रेशनकार्ड, महात्मा फुले जनआरोग्य योजना, ग्रामपंचायत, ॲम्ब्युलन्स अन् तालुक्याचं रुग्णालय या सगळ्यांना एका पेशंटभोवती कसं उभं करायचं, हे शिकवावं लागतं.

बाहेर कसं शिकवतात?

अमेरिकेत नर्सला केस मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र देणारी एक जुनी संस्था आहे, अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर. तिची अट बघण्यासारखी आहे. आधी नोंदणीकृत नर्स म्हणून दोन वर्षं पूर्णवेळ काम केलेलं पाहिजे. शेवटच्या तीन वर्षांत केस मॅनेजमेंटचंच काम किमान 2,000 तास केलेलं पाहिजे. वर 30 तासांचं शिक्षण. मग परीक्षा.

तिकडची व्यवस्था विमा कंपन्यांच्या हिशोबावर चालते अन् खर्च कमी करणं हाही तिथल्या केस मॅनेजरच्या कामाचा भाग असतो. ती जशीच्या तशी इकडे आणावी असं कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिकडे आधी काम, मग शिक्का. आपल्याकडे आधी शिक्का, अन् मग उपकेंद्राची किल्ली हातात. पास होऊन आलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी पहिल्याच महिन्यात पाच हजार लोकसंख्येच्या उपकेंद्राची प्रमुख होते. डोंगरी अन् आदिवासी भागात हा आकडा तीन हजारांचा, पण तिथं वाड्या-पाड्यांमधलं अंतर जास्त.

तिच्या हाताखाली जी आरोग्य सेविका असते तिची नोकरी वीस-वीस वर्षांची झालेली असते. गावातली प्रत्येक बाळंतीण तिच्या ओळखीची. तिने नव्या मॅडमचं का ऐकावं? अन् आशाताईंशिवाय तर पान हलत नाही. माणसं सांभाळायची कशी, हे सहा महिन्यांत किती शिकवलं जातं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हिशोब करून बघू

एका उपकेंद्रात तीस वर्षांवरचे दोन हजार लोक धरा. आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात देशातल्या साधारण 35 टक्के प्रौढांना बीपी असल्याचं निघालं. आपण कमी धरू, चारात एक. म्हणजे पाचशे पेशंट झाले. प्रत्येकाने महिन्याला एकदा बीपी तपासून गोळ्या न्यायच्या म्हटलं, तर कामाचे पंचवीस दिवस धरून रोज वीस पेशंट फक्त बीपीचे. शुगर, टीबी, गरोदर माता, ताप-खोकल्याची ओपीडी, ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं अन् ऑनलाइन नोंदी हे सगळं वेगळं.

वीस पेशंट आले तर जमेल. अडचण न आलेल्यांची आहे. वीसपैकी आठ आले नाहीत तर त्या आठ जणांच्या मागे कोण जाणार? यादी काढून आशाताईला देणं, फोन करणं, रानात असतील तर संध्याकाळी जाणं, या कामाला वेळ राखून ठेवलेला नसेल तर ते होत नाही.

हे जमतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. 2017 च्या अखेरीपासून देशात बीपी नियंत्रणाचा एक कार्यक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा अन् वर्धा. त्यात फार मोठं यंत्र नव्हतं. एकच ठरलेली औषधपद्धत, गोळ्यांचा न तुटणारा साठा, चांगली बीपी मशीन, घराजवळ फॉलोअप अन् कोण आलं नाही हे सांगणारी नोंद, एवढ्या पाच गोष्टी. यश मोजायची पद्धतही साधी होती : किती तपासले यापेक्षा किती जणांचा बीपी 140/90 च्या खाली आला ते बघा. 2022 मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

पगार कशावर ठरतो?

सीएचओ कंत्राटी असतात. महाराष्ट्रात ठरलेलं मानधन 25,000 रुपये अन् कामावर आधारित मोबदला जास्तीत जास्त 15,000. हा मोबदला निरनिराळ्या निर्देशांकांवर ठरतो. इथंच घोडं अडतं. कोणत्या गोष्टीला पैसे आहेत ते बघून काम वळतं, हा माणसाचा स्वभाव आहे. तपासण्यांच्या आकड्याला मोल असेल तर तपासण्या वाढतील. एका बाईचा बीपी सहा महिने आटोक्यात ठेवला, तिला जिल्हा रुग्णालयात नेऊन आणलं, तिच्या नवऱ्याला समजावलं, याचा रकाना पोर्टलवर नसेल तर ते काम चांगुलपणावर चालतं. चांगुलपणा किती वर्षं पुरतो?

दुसरी गोष्ट नोकरीची. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने दहा वर्षं सेवा झालेल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत सामावून घेण्याचा निर्णय काढला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये कर्मचारी संपावर गेले. सीएचओंची भरती मुख्यतः 2018 नंतरची. म्हणजे त्यांची दहा वर्षं 2028 च्या आधी भरत नाहीत. तोवर दरवर्षी कंत्राट वाढेल का याची धाकधूक. बाहेर स्टाफ नर्सची कायम जागा निघाली की चांगला तयार झालेला सीएचओ अर्ज करतो, अन् त्यात त्याची काही चूक नाही.

पण गावाचं नुकसान असं, की केस मॅनेजमेंटचं खरं भांडवल ओळख असतं. कोणाचा नवरा पितो, कोणाची सून ऐकते, कोण गोळी चुलीत टाकतं हे कळायला दोन वर्षं जातात. माणूस बदलला की हे सगळं शून्यावर येतं. रजिस्टर नव्याला मिळतं, ओळख मिळत नाही.

अधिकाराचाही प्रश्न

सीएचओ ठरावीक औषधं देऊ शकतो, बाकीसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. ही मर्यादा योग्यच आहे. पण पेशंट वर पाठवल्यावर काय होतं? चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस तालुक्याच्या रुग्णालयात पुन्हा रांगेत उभा राहतो, पुन्हा सगळं सांगतो, अन् परत येताना त्याच्याकडे खालच्या केंद्रासाठी काही लिहिलेलं असेलच असं नाही. वरून खाली माहिती आली नाही तर सीएचओने पुढे काय सांभाळायचं? ट्रेनिंग फक्त खालच्या माणसाला देऊन भागत नाही. वरच्या डॉक्टरलाही ही चिठ्ठी कोणाची अन् तिला उत्तर का द्यायचं, हे सांगावं लागेल.

गावाच्या हातात काय आहे?

प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरासाठी 'जन आरोग्य समिती' असते. उपकेंद्र पातळीवर तिचे अध्यक्ष सरपंच असतात अन् सदस्य सचिव सीएचओ. म्हणजे हा विषय जिल्ह्याच्या साहेबांकडेच न्यायला पाहिजे असं नाही. तो गावातच विचारता येतो. समितीची बैठक झाली का? बीपी-शुगरच्या यादीतले किती जण गेल्या महिन्यात आले नाहीत? गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे? गाड्या निघण्याआधी ऊसतोडीला जाणाऱ्या पेशंटांची वेगळी यादी झाली का, त्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या मिळाल्या का, अन् ते ज्या कारखान्याच्या भागात जातात तिथल्या केंद्राला कळवलं का?

या प्रश्नांना पैसा लागत नाही. पण ते विचारले गेले तर सीएचओलाही बळ मिळतं. गावाला काय हवंय ते कागदावर येतं, अन् ते काम करायला वेळ द्या असं त्याला वर सांगता येतं.

ट्रेनिंगच्या बाबतीत मागणीही साधी ठेवता येईल. पहिलं वर्ष अनुभवी माणसाच्या सोबतीने, दरवर्षी काही दिवस उजळणी, मोबदल्यात पेशंट टिकवण्याला वजन, अन् चांगलं काम करणाऱ्याला त्याच भागात राहून वर जायची वाट. वॉर्डातल्या नर्सला गावाची नर्स करायची तर सहा महिने ही सुरुवात आहे. शेतात बी टोकलं म्हणजे पीक आलं असं कोणी धरत नाही, पुढची राखण असते.

पुढचा गाळप हंगाम येईल तेव्हा गाड्या पुन्हा निघतील. गोळ्यांची पिशवी तीच असेल. त्या पिशवीच्या मागे कोणाचा तरी फोन जाईल का, हे त्याआधीच्या गावच्या बैठकांत ठरायचं आहे.