मोबाईल एक, पानं दोन : मुलांना कॉमेडी चॅनेल काढायचंय तेव्हा



"मॅडम, आम्हाला यूट्यूबवर कॉमेडी चॅनेल काढायचंय." पाचवी-सहावीच्या वर्गात हे वाक्य आता नवीन राहिलेलं नाही. घरी याला दोनच उत्तरं मिळतात. एक, "आधी अभ्यास कर, मग बघू." दुसरं, "बरं, माईक आणि रिंगलाईट मागवू." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या उत्तराने मुलाची हौस मरते. दुसऱ्याने सामान येतं, तीन व्हिडिओ होतात आणि रिंगलाईट कपाटावर जाऊन बसते. माझं मत असं की खर्च शून्य ठेवावा, कष्ट मात्र कागदावर करून घ्यावेत.

प्रा. लक्ष्मण देशपांडे आठवा. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' त्यांनी वर्षानुवर्षं एकट्याने केलं. एका उपरण्यावर पन्नासच्या वर पात्रं उभी केली! तमाशातल्या बतावणीत तरी काय असतं? एक जण सांगतो, दुसरा मुद्दाम भलताच अर्थ काढतो आणि लोक पोट धरून हसतात. विनोदाला सामान लागत नाही, कान लागतो. आजी फोनवर कशी ओरडून बोलते, काका "पाच मिनिटांत आलो" म्हणून घरीच कसे बसलेले असतात, हे ज्याने ऐकलंय त्याच्याकडे भांडवल आहे.

म्हणून पहिली अट : दोन पानं संवाद लिहून आणायचे. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट. पात्रं दोन, जागा एक, गैरसमज एक. ते मोठ्याने वाचायचं आणि जिथे कुणी हसत नाही तिथे खोडायचं. निबंध दुसऱ्यांदा लिही म्हटलं की तोंड वाकडं करणारी मुलं हे चार-चार वेळा लिहितात. संवादलेखनाचा याहून चांगला सराव माझ्या तरी पाहण्यात नाही.

इथेच बोलीचा प्रश्न येतो. "म्या गेल्तो" असं वहीत आलं की आपली लाल पेन चालते. पण व्हिडिओतली आजी "मी गेले होते" म्हणाली तर ती आजी वाटेल का? 'गावाकडच्या गोष्टी' ही वेब मालिका लोकांनी उचलून धरली ती गावच्या बोलीसकट. तेलंगणात शेतमजुरी करणाऱ्या गंगव्वा 'माय व्हिलेज शो'मधून घराघरांत पोचल्या, त्याही आपल्या गावच्या तेलुगूत बोलून. तेव्हा सूचना प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत लिहायला सांगा. दोन्ही भाषा कुठे वापरायच्या ते आपोआप कळतं. फक्त एक बघा, बोली नेहमी बावळट पात्राच्याच तोंडी येतेय का? येत असेल तर थांबवा.

कारण खरी काळजी पैशांची नाहीच, हसायचं कुणाला याची आहे. मुलांना सगळ्यात सोपा विनोद कोणता सुचतो? अडखळत बोलणारा मित्र, जाड मुलगी, काळा रंग, कुणाच्या तरी वडिलांचं काम. "पण मॅडम, तो स्वतःच हसला की!" असं उत्तर येतं. हो, हसतो. एकटं पडू नये म्हणूनही मूल हसतं. वर्गातली चेष्टा दुपारपर्यंत विरते, व्हिडिओ मात्र फोनाफोनांतून फिरत राहतो. नक्कल करायचीच तर मोठ्यांची करा म्हणावं. दिवसभर मोबाईल बघून "मोबाईल ठेव" म्हणणारे बाबा आहेत, आपण गुरुजी-बाई आहोत. आपल्याला थोडं सोसायला हरकत नाही.

चित्रीकरणाचं थोडक्यात सांगते. लेन्स सुती कापडाने पुसा. खिडकी पात्रांच्या समोर येऊ द्या, पाठीमागे नको. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा आणि एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी मामाचा फोन येतो. सगळ्यात जास्त बिघडतो तो आवाज. पंखा बंद करा. फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे दोन गोधड्या अंथरा. दुसरा फोन असेल तर तो बोलणाऱ्याजवळ लपवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवली की जोडताना चित्र आणि आवाज जुळतात.

आता चॅनेल. स्वतःच्या यूट्यूब खात्यासाठी वय किमान 13 लागतं, म्हणून खातं पालकांचंच हवं. कमाईची स्वप्नं बघणाऱ्या पालकांसाठी सांगते, पूर्ण लांबीच्या व्हिडिओंवर जाहिरातीचे पैसे मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघणं लागतं. ते डोक्यातून काढा. पहिले काही भाग 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे ज्यांना लिंक दिली तेच बघतील. अर्थात लिंक पुढे पाठवता येते, हे त्यांनाही सांगून ठेवा. शाळेचा गणवेश, घराची पाटी, गाडीचा नंबर चित्रात नको. दुसऱ्याचं मूल दिसत असेल तर त्याच्या आई-वडिलांची परवानगी आधी, चित्रीकरण नंतर.

मग लिंक पंधरा-वीस नातेवाइकांना पाठवा आणि एखाद्या आजीशेजारी बसून तो व्हिडिओ मुलांना बघायला लावा. ती कुठे हसली आणि कुठे "काय म्हणाला रं?" असं विचारलं, ते मुलांनी वहीत लिहून घ्यायचं. पुढच्या भागाची दोन पानं त्यानंतर.