समलिंगी व तृतीयपंथी सभासदांचा मंडळीतील छळ थांबवण्याबाबत निवेदन

प्रति,
आदरणीय बिशप साहेब
आणि डायोसिसन कौन्सिलचे सर्व सन्माननीय सभासद

विषय : मंडळीतील समलिंगी व तृतीयपंथी सभासदांचा छळ थांबवून त्यांना सन्मानाने स्थान देण्याबाबत.

आदरणीय महोदय,



आम्ही आपल्याच डायोसिसमधल्या निरनिराळ्या मंडळ्यांचे सभासद आहोत. आमच्यात आईवडील आहेत, शब्बाथ शाळेचे शिक्षक आहेत, पाळकीय समितीवर काम केलेली वडीलधारी माणसे आहेत. ज्यांच्यासाठी हे निवेदन लिहिले ते समलिंगी आणि तृतीयपंथी तरुण-तरुणीही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी सही केलेली नाही. सही केली तर घर सुटेल किंवा मिशनच्या शाळेतली नोकरी जाईल, अशी त्यांना भीती वाटते आणि ती भीती खरी आहे. त्या न झालेल्या सह्याही आपण आमच्या सह्यांबरोबर धराव्यात.

विवाहाविषयीची शिकवण उद्याच्या उद्या बदला, अशी आमची मागणी नाही. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला तर 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. लेवीय, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि करिंथकरांस पहिले पत्र यांतल्या वचनांचा अर्थ कसा लावावा, याबद्दल सह्या करणाऱ्यांतच एकमत नाही. ती चर्चा व्हावी आणि मोकळेपणाने व्हावी. पण चर्चा संपेपर्यंत माणसांचा छळ चालू ठेवता येत नाही. बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही मंडळीकडून इजा होऊ नये, एवढ्यावर मात्र आमचे पूर्ण एकमत आहे.

इजा होते म्हणजे काय होते, ते सांगतो. एका मंडळीत गायन-मंडळासाठी पेटी वाजवणाऱ्या मुलाने आपल्या मनातले आईला सांगितले. आई घाबरून पाळकांकडे गेली. विश्वासाने सांगितलेली ती गोष्ट काही दिवसांत मंडळीभर झाली. मग उपवास-प्रार्थना लावल्या गेल्या. बाहेरून एक सुवार्तिक बोलावला. रात्र-रात्र त्या मुलाला गुडघ्यांवर बसवून, डोके दाबून धरून, त्याच्यातले भूत निघून जावे म्हणून आरडाओरडा झाला. भूत नव्हतेच, तर निघणार काय? त्याने आधी पेटी सोडली, मग मंडळी सोडली. या प्रकाराला आपल्याकडे 'सुटकेची प्रार्थना' म्हणतात. प्रार्थनेवर आमचा विश्वास आहे, म्हणूनच तिचा असा वापर आम्हाला सहन होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली तेच जाहीरपणे सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये अशा व्यक्तींना 'बरे' करण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली, आणि 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. परवानाधारक डॉक्टरने जे केले तर त्याच्यावर कारवाई होते, ते आपल्याकडे कोणतेही प्रशिक्षण नसलेला माणूस वेदीसमोर करतो आणि मंडळी आमेन म्हणते. अमेरिकेत ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे माणसे 'बदलण्याचे' काम करणारी सर्वांत मोठी संस्था, एक्सोडस इंटरनॅशनल, 2013 साली बंद झाली. तिच्या अध्यक्षांनी लोकांची जाहीर माफी मागितली. तिथे जे फसले, ते आपल्या गावागावांत अजून उपाय म्हणून सांगितले जाते.

दुसरा उपाय लग्नाचा. मुलगा समलिंगी आहे हे घरात ठाऊक असते, कधी पाळकांनाही ठाऊक असते, आणि तरी उपासनेत लग्न जाहीर होते. मुलीला मात्र कोणी काही सांगत नाही. पुढे ती 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टाचे खेटे घालते, आणि मंडळीतल्या बायका तिलाच विचारतात की तू नवऱ्याला सांभाळले कसे नाहीस. या मुलींचे दुःख आजवर कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर आलेले नाही. दोन माणसांचे आयुष्य मोडणाऱ्या अशा लग्नाला आशीर्वाद देणे हे पाप आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

तृतीयपंथी सभासदांची तर दारातच अडवणूक होते. पुरुषांच्या बाजूला बसायचे की स्त्रियांच्या, इथपासून कुजबुज सुरू होते. प्रभुभोजनाच्या वेळी ताट पुढे सरकते. मरणानंतरही सुटका नाही, कारण माणूस ज्या नावाने जगला ते नाव दफनविधीत उच्चारले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांचा आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या कायद्याने शाळा, रुग्णालये आणि नोकरीच्या ठिकाणी तृतीयपंथीयांशी भेदभाव करण्यास मनाई केली. आपल्या संस्था त्या कायद्याच्या बाहेर नाहीत.

शास्त्राचा आधार विचारला जातो, म्हणून तोही देतो. अनुवादाच्या 23 व्या अध्यायात ज्याला परमेश्वराच्या मंडळीत येण्यास बंदी आहे, त्याच षंढाला यशयाच्या 56 व्या अध्यायात परमेश्वर आपल्या घरात जागा आणि नाव देण्याचे वचन देतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा षंढ अधिकारी पाणी पाहून बाप्तिस्मा मागतो, आणि फिलिप्प त्याच्या देहावरून कोणतीही अट न घालता त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो. आजचे तृतीयपंथी आणि तो अधिकारी तंतोतंत एकच, असा आमचा दावा नाही. पण देहावरून ज्याला बाहेर ठेवले होते त्याला पवित्र आत्म्यानेच आत घेतले, हे शास्त्रात लिहिलेले आहे.

मराठी मंडळीला हे परके वाटू नये. महार, मांग आणि ब्राह्मण एका मेजावर प्रभुभोजन घेऊ लागले, तेव्हाही धर्म बुडाला अशी ओरड झाली होती. पंडिता रमाबाईंनी केडगावला विधवा आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुली तर घेतल्याच, पण समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदनही उभे केले. नारायण वामन टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' हा भक्तमेळा काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही बसत. ज्यांची गीते आपण दर रविवारी गातो त्यांनी दार एवढे मोठे ठेवले होते.

आज इतर चर्चही हलू लागले आहेत. नागपूरला मुख्यालय असलेली भारतातील चर्चेसची राष्ट्रीय परिषद कित्येक वर्षे या विषयावर संवाद घडवत आहे. केरळात मार थोमा चर्चने तृतीयपंथीयांसाठी काम उभे केले. कोचीत तृतीयपंथीयांच्या शाळेला कार्मेलाइट भगिनींनी आपली जागा दिली. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस यांनी 2013 सालीच समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानायला विरोध केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले ते त्यानंतर, 6 सप्टेंबर 2018 रोजी. विवाहाची आपली शिकवण तसूभरही न बदलता, तृतीयपंथी व्यक्तींना बाप्तिस्मा देता येतो असे व्हॅटिकनने 2023 साली स्पष्ट केले. शिकवण कायम ठेवूनही माणसांना जवळ करता येते, याला आणखी कोणता दाखला हवा?

आमच्या मागण्या अशा. भूत काढणे, बदलण्यासाठी प्रार्थना लादणे आणि बळजबरीने लग्न लावणे यांवर लेखी बंदी घालणारे परिपत्रक आपल्या सहीने निघावे आणि ते प्रत्येक मंडळीत उपासनेच्या वेळी वाचले जावे. बाकीचे काही जमले नाही, तरी एवढे तातडीने व्हावे. समलिंगी किंवा तृतीयपंथी आहे एवढ्याच कारणावरून कोणाचाही बाप्तिस्मा, दृढीकरण, प्रभुभोजन किंवा दफन नाकारले जाऊ नये, आणि सभासद-नोंदवहीत व दफनविधीत माणसाने स्वीकारलेले नाव वापरले जावे. पाळकांकडे विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर गेल्यास शिस्तभंगाची कारवाई व्हावी. डायोसिसच्या शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालये यांत छळाची तक्रार करता येईल अशी व्यवस्था असावी, आणि त्या व्यवस्थेत निदान एक व्यक्ती चर्चबाहेरची असावी. पाळकांच्या वार्षिक शिबिरात डॉक्टर, समुपदेशक आणि खुद्द या सभासदांना बोलावून एक पूर्ण दिवस यासाठी द्यावा. त्यांच्याविषयी निर्णय होणार असेल तेव्हा त्यांचे प्रतिनिधी त्या सभेत बसलेले असावेत.

पुढच्या डायोसिसन कौन्सिलच्या सभेआधी आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, हे निवेदन त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे आणि आम्हाला लेखी उत्तर मिळावे, ही नम्र विनंती.

प्रभूच्या सेवेत आपले,
डायोसिसमधील मंडळ्यांचे सभासद व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)